एकाच पाइपला दोन मोटारी

एक्मो म्हणजे थकलेल्या हृदयाच्या माणसाचं रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून पंपाने परत आत सोडणारं यंत्र. त्याच्या तासातासाच्या तक्त्यात बारा रकाने छापलेले असतात. आरपीएम (पंपाचे फेरे), फ्लो (मिनिटाला किती लिटर रक्त), ऑक्सिजनेटरच्या आधीचं प्रेशर, नंतरचं प्रेशर, स्वीप गॅस (ऑक्सिजनेटरमध्ये सोडलेला वायू), एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ), तापमान वगैरे. तेरावा रकाना मी पट्टी लावून पेनाने आखते आणि वर लिहिते, 'लाट'. धमनीत घातलेल्या लाइनवरून मॉनिटरवर रक्तदाबाची जी लाट उठते, तिचा वरचा आकडा वजा खालचा आकडा. निरोगी माणसात हा फरक चाळीसच्या आसपास असतो.

हा रकाना मी आखायला लागले त्याला कारण आहे. तेव्हा मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात होते. मोठा हार्ट अटॅक येऊन गेलेला एक्केचाळीस वर्षांचा माणूस एक्मोवर होता आणि रात्रपाळी माझी होती. फ्लो रात्रभर ४.२ लिटरवर स्थिर, सरासरी दाब ८०, एसीटी हवा तसा. प्रत्येक तासाला मी बाराही रकाने भरले. सकाळी इको करणाऱ्या डॉक्टरांनी प्रोब ठेवला आणि ते काहीच बोलले नाहीत. हृदयाचा डावा खालचा कप्पा, ज्याला आम्ही एलव्ही म्हणतो, रक्ताच्या गाठीने भरला होता. तो माणूस गेला. मला कोणी बोल लावला नाही, कारण तक्त्यात एकही चूक नव्हती. मॉनिटरवरची लाल रेघ मात्र रात्री दोनपासून सपाट होती. मी ती पाहत होते, पण तिच्यासाठी रकाना नव्हता.

मी परफ्युजनिस्ट आहे. ऑपरेशन थिएटरात हृदय थांबवतात तेव्हा शरीराला रक्त पुरवणारं यंत्र चालवायचं, हे आमचं रोजचं काम. तिथे हृदय फुगू द्यायचं नाही हा पहिला धडा असतो. सर्जन डाव्या बाजूला एक बारीक नळी सोडतात, "व्हेंट ऑन" म्हणतात, आम्ही पंप फिरवतो, आत साठणारं रक्त ओढून घेतो. तीन-चार तासांच्या ऑपरेशनमध्ये हे कोणी विसरत नाही. आयसीयूत मात्र तेच हृदय पाच-सात दिवस पंपाच्या जोडीला असतं आणि व्हेंटची आठवण उशिरा होते. याचं मला तेव्हाही नवल वाटायचं, आजही वाटतं.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या दिवसांत जुन्नरकडची एक मुलगी आमच्याकडे आली. चोवीस वर्षांची, बी.फार्म. झालेली. चार दिवस साधा ताप, पाचव्या दिवशी धाप, सहाव्या दिवशी गावाकडच्या दवाखान्यात चक्कर येऊन पडली. आमच्याकडे पोचली तेव्हा हात-पाय बर्फासारखे, लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं आम्ल) ९.८ आणि हृदय जेमतेम हलत होतं. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे एलव्ही दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतो ते, १० टक्के. फुल्मिनंट मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला अचानक आलेली भयंकर सूज. या आजाराची एक गोष्ट आम्हा सगळ्यांना धीर देते. माणूस तो पहिला आठवडा तरला तर हृदय बऱ्याचदा पूर्ववत होतं. त्या आठवड्याभराचा पूल म्हणून एक्मो.

रात्री दोन वाजता कॅन्युला, म्हणजे एक्मोच्या जाड नळ्या, घातल्या. उजव्या मांडीच्या शिरेतून २३ फ्रेंच जाडीची, तिचं टोक थेट उजव्या वरच्या कप्प्यापर्यंत. डाव्या मांडीच्या धमनीत १७ फ्रेंचची, आणि त्या पायाला रक्त पोचत राहावं म्हणून खाली आणखी एक बारीक नळी. मी क्लॅम्प सोडला. काळपट रक्त पंपात गेलं, ऑक्सिजनेटरमधून लाल होऊन परत फिरलं. ३४०० आरपीएमला ४ लिटर फ्लो मिळाला. अर्ध्या तासात तिच्या ओठांना रंग आला. पहाटे चार वाजता लॅक्टेट ६ वर उतरलं होतं. नर्सने बाहेर जाऊन वडिलांना सांगितलं, बीपी आलं.

पाच वाजता मी 'लाट'च्या रकान्यात ९ लिहिलं. सहा वाजता ४.

सरासरी दाब तेव्हा ८२ होता. लघवी सुरू झाली होती, लॅक्टेट उतरत होतं. एकूण एक आकडा सुधारलेला, आणि लाल रेघ जवळजवळ सपाट. मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना उठवलं. ते म्हणाले, "मॅडम, फ्लो इतका छान आहे." मी म्हटलं, "सर, फ्लो माझ्या पंपाचा आहे. तिच्या हृदयाचं काय चाललंय ते बघायचंय. इको करूया."

सव्वासहाला इको झाला. महाधमनीच्या तोंडाशी जी झडप असते, तिच्या तीन पाकळ्या मिटून बसल्या होत्या. ठोका पडत होता, पण झडप हलत नव्हती. एलव्ही आल्या वेळेपेक्षा मोठा झाला होता आणि आत राखाडी धुरासारखं काहीतरी हळूहळू घुमत होतं. याला आम्ही 'स्मोक'च म्हणतो. ते साचलेलं रक्त असतं, गोठण्याच्या आधीची पायरी. ते घुमणं मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. मागच्या वेळी आम्ही पोचलो तेव्हा घुमायचं थांबलेलं होतं.

साडेसात वाजता वडील काचेजवळ आले. रापलेले, धोतर-टोपीतले, रात्रभर बाकावर बसलेले. मला म्हणाले, "ताई, बीपी तर बरं दिसतंय की. मग डॉक्टर का तोंड पाडून आहेत?"

मी त्यांना सांगायला लागले. हृदय रक्त वर ढकलतं आणि ते महाधमनीतून खाली सगळीकडे जातं. आमचं यंत्र मांडीतून रक्त आत सोडतं, म्हणजे खालून वर, उलट्या दिशेने. शरीराला रक्त मिळतं, पण हृदयाच्या तोंडाशी आमच्या पंपाचा दाब येऊन बसतो. तुमच्या मुलीचं हृदय आत्ता इतकं अशक्त आहे की...

त्यांनी मला मध्येच थांबवलं. "म्हणजे एकाच पायपाला दोन मोटारी."

मला कळेना. त्यांनी हाताने दाखवलं. कुकडीवरून त्यांची आणि भावाची पाइपलाइन एकच आहे. भावाची मोटार दहाची, यांची तीनची. दोन्ही एकदम चालू केल्या की दहाची पाइपात एवढा जोर धरते की तीनच्या मोटारीचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. "पाणी वर जातंय, शिवार भिजतंय, समदं बरं दिसतं. अन् तीनची नुसती घुरघुरत ऱ्हाते. पाणी पुढं सरकत न्हाई, मोटार तापती. दोन तास तशीच ठिवली तर जळती."

बारा वर्षं हे काम करतेय, डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना हे समजावून सांगितलंय, पण इतकं नेमकं मला कधी जमलं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "दादा, अगदी हेच आहे."

"मग दहाची जरा कमी करा की."

नेमका तोच पहिला उपाय आहे, आणि तो आम्ही सुरू केला होता. पण नुसता फ्लो कमी केला की शरीर उपाशी राहतं, ही त्यातली अडचण. त्यांच्या मोटारीच्या उदाहरणात एक गोष्ट नसते, तीही सांगायला हवी. सगळं रक्त आम्ही उजव्या बाजूनेच ओढून घेतो, मग डाव्या कप्प्यात भरायला रक्त येतं कुठून, असं नवे विद्यार्थी हमखास विचारतात. ते येतंच. थोडं रक्त आमच्या कॅन्युलाला चुकवून फुप्फुसातून पुढे जातं. श्वासनलिकांना पोसणाऱ्या धमन्यांचं रक्त डाव्या बाजूलाच परत येतं. हृदयाच्या भिंतीतल्या बारीक शिरा थेट कप्प्यात उघडतात. महाधमनीची झडप किंचित जरी गळत असली तरी आमच्याच पंपाचं रक्त मागे आत शिरतं. तासाला थोडं थोडं, पण बाहेर जायला वाट नसली की तेवढं पुरतं. कप्पा फुगतो, भिंत ताणली जाते आणि ताणलेल्या स्नायूला जास्त प्राणवायू लागतो. त्याच वेळी आतल्या दाबाने भिंतीच्या आतल्या थराच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. सुजलेल्या स्नायूला विश्रांती मिळावी म्हणून आपण यंत्र लावतो आणि त्या स्नायूवरच ओझं घालतो. पुढे हा दाब मागे सरकत फुप्फुसात जातो आणि फुप्फुसांत पाणी भरतं.

त्या सकाळी काय केलं ते सांगते. आधी नॉरअ‍ॅड्रेनालिन उतरवलं. एक्मोच्या आधी ते जोरात चालू होतं आणि रात्रीच्या धावपळीत तसंच राहिलं होतं. ते धमन्या आवळतं, म्हणजे हृदयापुढची भिंत आणखी उंच करतं. सरासरी दाब ८२ कशाला हवा, ६५ पुरे आहे. मग डोब्युटामिन हळूहळू वाढवलं, हृदयाला थोडी उभारी यावी आणि झडप अधूनमधून तरी उघडावी म्हणून. व्हेंटिलेटरचं पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राहणारा दाब, १० वर नेलं, लघवीचं औषध दिलं, रक्त गोठू न देणारं हेपरिन वाढवून एसीटी २०० च्या वर धरला. आणि मी फ्लो ४ वरून ३.३ वर आणला, दर दहा मिनिटांनी थोडा थोडा, डोळा लॅक्टेटवर ठेवून.

लाट ४ वरून ७ झाली. इकोत चार-पाच ठोक्यांमागे एकदा झडप किलकिली होत होती. दुपारी लॅक्टेट पुन्हा चढायला लागलं, तेव्हा फ्लो ३.६ करावा लागला आणि लाट परत ५ वर.

दुपारी बलून घातला. हा फुगा उजव्या मांडीच्या धमनीतून वर महाधमनीत सरकवतात. हृदय सैल पडतं तेव्हा तो हेलियमने फुगतो आणि हृदय आवळायच्या क्षणाआधी झटकन रिकामा होतो. त्यामुळे हृदयाला त्या क्षणी पुढे थोडी पोकळी मिळते. तिच्या उंचीला ३४ मिलिलिटरचा बसला. बलूनबद्दल एक सावधगिरी प्रत्येक नर्सला सांगावी असं मला वाटतं. तो चालू झाला की मॉनिटरवर एकदम देखणी लाट दिसते. ती हृदयाची नसते, फुग्याची असते. माझ्या रकान्यात लिहायचा आकडा घ्यायला बलून काही सेकंद थांबवावा लागतो. मी थांबवला. ६.

संध्याकाळी सातला नर्सने हाक मारली. श्वासनळीतल्या नळीत गुलाबी फेस वर चढला होता. सक्शन केलं तरी पाच मिनिटांत पुन्हा. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. आमच्या सरांनी, म्हणजे हृदय शल्यचिकित्सकांनी, हृदयरोगतज्ज्ञांनी आणि इंटेन्सिव्हिस्ट मॅडमनी तिथे खाटेजवळच उभं राहून चर्चा केली. मीही होते.

मार्ग तीन होते. एक इम्पेला. लांब, बारीक नळीवर बसवलेला इवलासा पंप, झडपेतून आत सरकवायचा, तो एलव्हीतलं रक्त उपसून महाधमनीत टाकतो. काम अगदी सरळ. २०२० साली चार देशांतल्या ६८६ रुग्णांची तुलना छापून आली होती. एक्मोच्या जोडीला इम्पेला असलेल्यांत मृत्यू कमी दिसले, रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा बिघडण्याचं प्रमाण मात्र जास्त. पण त्याचा खर्च एक्मोच्या खर्चावर आणखी कितीतरी लाखांचा. हे कुटुंब मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज भरून, कांद्याचे पैसे आणि सोसायटीचं कर्ज यावर इथवर आलं होतं. दुसरा मार्ग छाती थोडी उघडून हृदयाच्या टोकाशी नळी घालायची. हेपरिनवर असलेल्या, यकृत थकलेल्या मुलीत सरांना ते नको वाटत होतं. तिसरा मार्ग, सेप्टोस्टोमी. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पाडायचं, म्हणजे डावीकडे कोंडलेलं रक्त उजवीकडे उतरेल आणि तिथून माझी कॅन्युला ते ओढून नेईल. वेगळा पंप लागणार नाही.

इंटेन्सिव्हिस्ट मॅडमनी योग्य शंका काढली. २०२३ साली कोरियात ११६ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना सुरुवातीलाच पडद्यातून नळी घालून डावी बाजू मोकळी केली, निम्म्यांना नेहमीचे उपचार. महिन्याभरानंतर दोन्ही गटांतले मृत्यू जवळजवळ सारखेच. मग आपण हे का करायचं? सर म्हणाले, त्या चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या निम्म्या रुग्णांना पुढे डावी बाजू मोकळी करावीच लागली होती. सगळ्यांना पहिल्याच दिवशी भोक पाडा असं ती चाचणी सांगत नाही, पण फेस यायला लागल्यावर थांबा असंही सांगत नाही. माझंही हेच मत आहे. सरसकट सगळ्यांना ही मोकळीक द्यायची गरज नाही. ज्याला लागणार आहे तो रुग्ण तासातासाला आपल्याला सांगत असतो, आणि ऐकायला कोणीतरी तिथे असावं लागतं.

वडिलांना संमतीसाठी आत बोलावलं. धोके सांगितले. सुई भलतीकडे गेली तर हृदयाभोवती रक्त साचू शकतं, हेपरिनमुळे ते थांबवणं कठीण. भोक नंतर राहू शकतं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजी तीनच्या मोटारीचं तुंबलेलं पाणी दहाच्या हौदात सोडणार?" सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "होय दादा." त्यांनी सही केली.

एक्मोवरच्या माणसाला कॅथलॅबपर्यंत नेणं हे वेगळंच काम आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला, बॅटरी पूर्ण, चार क्लॅम्प खिशात आणि हँड क्रँक हाताशी. वीज आणि बॅटरी दोन्ही दगा देतील तर पंप हाताने फिरवायचा. आम्ही आठ जण होतो. लिफ्टमध्ये खाट, एक्मोची गाडी, बलूनचं यंत्र आणि व्हेंटिलेटर मावेना, म्हणून बलूनचं यंत्र तिच्या पायांच्या बाजूला तिरकं घुसवलं. एका मजल्याच्या त्या प्रवासात मी दोन्ही नळ्या हातात धरून होते. एक कोमट, एक किंचित गार.

आमच्या हृदयरोगतज्ज्ञांचा पडद्याला सुई लावण्यात हातखंडा आहे, आणि तो का आहे हे लिहायलाच हवं. ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप आकसलेले रुग्ण आपल्याकडे अजून भरपूर आहेत. त्यांची झडप फुग्याने उघडायची तर याच पडद्यातून डावीकडे जावं लागतं. जपानच्या कांजी इनोऊए यांनी १९८० च्या दशकात शोधलेली ती पद्धत आपल्या सरकारी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांत हजारो रुग्णांवर वापरली गेली. या हृदयरोगतज्ज्ञ सरांनी उमेदवारीची वर्षं त्यातच काढली. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी निळ्या पडलेल्या नवजात बाळांसाठी फुग्याने हा पडदा फाडून दाखवला होता. आज रात्री त्या दोन्ही गोष्टी या मुलीच्या कामी येत होत्या.

उजवी शीर माझ्या कॅन्युलाने अडवलेली, त्यामुळे सरांना डावीकडून जावं लागलं. डावीकडून सुई पडद्यापाशी नीट वळवणं अवघड असतं. मला काळजी हवेची होती. माझा पंप शिरांमधून रक्त ओढत असतो, तिथे शीथचं, म्हणजे सुई-वायर आत नेणाऱ्या नळीचं, तोंड क्षणभर उघडं राहिलं तरी हवा आत ओढली जाऊ शकते. "सर, वायर काढताना सांगा, मी फ्लो खाली घेते." ते म्हणाले, "सांगतो." अन्ननलिकेतून इको चालू होता. पडदा उजवीकडे फुगून आला होता, तंबूसारखा. डावीकडे किती कोंडलंय ते नुसत्या त्या आकारावरून कळत होतं. सुईने तंबूला टोक आलं आणि पुढच्याच ठोक्याला ते टोक नाहीसं झालं. आत. डाव्या वरच्या कप्प्यातला दाब मोजला, ३१. दहा-बारा असायला हवा. मग १४ मिलिमीटरचा फुगा पडद्यात नेऊन दोनदा फुगवला. तेव्हा मी फ्लो २ वर आणला होता. सर म्हणाले, "चालू करा."

मी आरपीएम चढवले आणि नळीकडे पाहत राहिले.

शिरेकडून येणाऱ्या नळीतलं रक्त नेहमी गडद असतं, पिकल्या जांभळासारखं. कॅथलॅबच्या दिव्याखाली ती नळी माझ्या डोळ्यांसमोर उजळत गेली. आधी कॅन्युलापाशी, मग हळूहळू माझ्याकडे. जांभळाचं कोकम झालं. डावीकडे अडकलेलं, फुप्फुसातून आलेलं लाल रक्त माझ्या पंपाकडे निघालं होतं. ऑक्सिजनेटरच्या आधीचं सॅच्युरेशन ६४ वरून ७९ वर गेलं. डाव्या कप्प्यातला दाब पुन्हा मोजला, १७. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण इको करणाऱ्या मुलीने मास्कवरून डोळे पुसले, ते मी पाहिलं. (त्या क्षणापासून ते सॅच्युरेशन शरीराची खरी गरज दाखवत नाही, त्यात डावीकडचं रक्त मिसळलेलं असतं. तक्त्यावर मी लाल पेनाने तसं लिहून ठेवलं, म्हणजे सकाळच्या पाळीने त्या आकड्यावर विसंबून फ्लो कमी करू नये.)

मध्यरात्रीनंतर फेस कमी झाला. पहाटे नर्सने सक्शनची नळी दाखवली, नुसता पांढरा कफ. सकाळच्या इकोत एलव्ही लहान झाला होता आणि धूर विरळ. झडप तीन ठोक्यांमागे एकदा. लाट, बलून थांबवून, ८.

पुढचे दिवस सावकाश गेले. तिसऱ्या दिवशी एक्स-रे निवळायला लागला. लाट ११. चौथ्या दिवशी १६, आणि झडप प्रत्येक ठोक्याला. त्याच दुपारी वेगळी भीती होती. हृदय रक्त ढकलायला लागलं की उजव्या हाताला आणि मेंदूला जाणारं रक्त तिच्या स्वतःच्या फुप्फुसातून येतं. ती अजून ओली असतील तर पायाला शंभर टक्के आणि हाताला कमी असं होतं. उजव्या हाताचं सॅच्युरेशन ९१ वर आलं, व्हेंटिलेटर वाढवला, संध्याकाळी ९६. पाचव्या दिवशी तिने डोळे उघडून आईकडे पाहिलं. आईने तिला सांगितलं की या वर्षी गौरी काकूने उभ्या केल्या, तू काळजी करू नको. वडील काचेपलीकडे उभे राहून मॉनिटरकडे बोट दाखवून विचारायचे, "ताई, तीनची किती?" मी बोटांवर आकडा दाखवायचे. सहाव्या दिवशी मला दोन्ही हातांची बोटं दोनदा पूर्ण आणि वर चार दाखवावी लागली.

सातव्या दिवशी सकाळी फ्लो उतरवायला घेतला. ३ लिटर, २.५, २, प्रत्येक पायरीवर पंधरा-वीस मिनिटं थांबून. १.५ ला इकोत हृदय जरा भरलं, पण ठोका तितकाच जोमाने पडत राहिला. इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के. १.२ ला सर म्हणाले, "हिचं तिला जमतंय." दुपारी थिएटरात नेऊन कॅन्युला काढल्या, धमनी शिवली. बलून दुसऱ्या दिवशी निघाला.

तीन महिन्यांनी ती तपासणीला आली. इजेक्शन फ्रॅक्शन ५५. पडद्यातलं भोक राहिलंय, पण लहान आहे. त्याने काही बिघडत नाही, नजर ठेवायची, लागलं तर बटणासारख्या उपकरणाने बंद करता येतं. वडिलांनी कांद्याचं एक पोतं आयसीयूच्या दाराशी ठेवलं आणि घ्याच म्हणून बसले.

तिचे तक्ते मी फाइलला लावण्याआधी एकदा चाळले. सात दिवस, तीन पाळ्या, सहा जणांची अक्षरं. पहिल्या दिवशी 'लाट'चा रकाना फक्त माझ्या अक्षरात भरलेला आहे. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक तासाला भरलेला आहे, निळ्या शाईत, काळ्या शाईत, एका नर्सने हिरव्याही. शेवटच्या ओळीवर वेळ आहे दुपारची २ वाजून ४० मिनिटं. आरपीएमच्या रकान्यात रेघ, फ्लोच्या रकान्यात रेघ, आणि तेराव्या रकान्यात ४१.